उलटं करून बघायची सवय

चाकणच्या कंपनीत वीस वर्षं मी पार्ट तपासतोय, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघतो. आकुर्डीच्या दुकानात लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हाही तेच केलं. बायको म्हणाली, “अहो, कलिंगड आहे का ते?”

खाली एकही स्क्रू नव्हता. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मी घरीच दोनदा बदलली होती. याची म्हणे आत चिकटवलेली. स्क्रीनमध्ये तर माझंच तोंड दिसत होतं. न चकाकणारा स्क्रीन मागितला, तर दुकानदार म्हणाला, “तसा आता आमच्याकडे कुठल्याच कंपनीचा येत नाही, भाऊ. लोक मागतच नाहीत.”

मग मी कोण होतो? समोर उभा राहून मागतच होतो की! आणि एवढ्या सगळ्या कंपन्यांना एकाच वेळी एकच अक्कल कशी सुचते? मला यात काहीतरी काळंबेरं वाटायला लागलं.

“बरं, बिघडला तर उघडायचा कसा?”

“उघडायचा कशाला, राव? कोणी उघडतच नाही.”

मी भांडायच्या तयारीत होतो. पण हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. गेल्या वर्षी आमच्या कंपनीत बनणाऱ्या पंपाच्या झाकणाचे चार स्क्रू काढून आम्ही ते चिकटवायला सुरुवात केली. त्या बदलाच्या फॉर्मवर, कारणाच्या रकान्यात, मीच लिहिलं होतं: ‘ग्राहक झाकण उघडत नाही.’ खाली सही केली होती. विचारलं मात्र एकाही ग्राहकाला नव्हतं.