भीमाशंकरला नेलेली मतं

भोसरीच्या उड्डाणपुलाखाली आमची ट्रॅव्हल्स थांबली तेव्हा नुकतं फटफटत होतं. पहिलं दर्शन झालं ते हात जोडलेल्या माणसांचं. खांबाखांबावर फ्लेक्स, प्रत्येकावर पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात जाड साखळी आणि खाली ठळक अक्षरांत 'आपला हक्काचा भूमिपुत्र'. रिक्षा मिळेपर्यंत हा शब्द इतक्या वेळा वाचला की माझं डोकंच तापलं. ज्या भूमीचे हे पुत्र, ती त्यांनी गुंठ्यागुंठ्यानं कधीच विकली आहे. उरलेल्या तुकड्यांवर पत्र्याच्या खोल्या बांधल्या आहेत आणि त्यांत आपल्या लातूरकडचे लोक भाड्यानं राहतात.

तुम्हाला ठाऊक आहे, मी दरवर्षी कुठंतरी जाऊन येते आणि औशाला परतल्यावर तुमच्यासाठी लिहिते. या वेळी ना लेणी पाहिली, ना किल्ला. माझी भाची अर्चना महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभी होती, तिचं मतदान बघायला मी निघाले होते. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. लग्न होऊन भोसरीत आली, दाजींनी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभं आयुष्य काढलं, आणि अर्चना तिथंच जन्मली. दाजी आता नाहीत. असेपर्यंत त्यांनी स्वतःचं आणि अक्काचं मत गावाकडेच ठेवलं होतं. या वर्षी अक्कानं पहिल्यांदा आपलं नाव भोसरीच्या मतदार यादीत घातलं. कारण एकच, लेकीला मत द्यायचं होतं.

अक्काच्या खोलीपर्यंतची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून मोटारसायकल आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. नळाला दिवसाआड पाणी. अर्चना कंपनीत क्वालिटीला होती. ती नोकरी सोडून तिनं याच पाण्यासाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, आणि शेवटी म्हणाली, दुसऱ्याच्या दारात किती उभं राहायचं, आपणच आत जाऊ. तिचं चिन्ह होतं शिलाई मशीन. समोर उभी होती खोलीमालकांची सून. प्रचारात त्या बाजूचा एकच मुद्दा होता, की ही लातूरवाली आहे, हिनं हिच्या गावाला जाऊन लढावं. अर्चना कधी लातूरला आठ दिवस सलग राहिलेली नाही.

मी पोचले ती सकाळ मतदानाच्या आदल्या दिवसाची. गल्लीच्या तोंडाशी एक बस उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. खोलीमालकांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, बायकांना हाताला धरून चढवत होत्या. दरवर्षी श्रावणात त्या खोल्यांमधल्या बायकांना फुकट भीमाशंकरला नेतात. या वेळी भर थंडीत नेत होत्या, आणि हा फरक माझ्याही लक्षात आला नाही.

"आवो ताई, तुमी बी चला की," वहिनी मला म्हणाल्या. "पाव्हन्या आलाय, देवाला न्हाई म्हनू ने. सांजच्याला घरी."

"मत उद्या हाय ना?" मी अक्काला हळूच विचारलं.

"उद्याच हाय. आज जाऊन येऊ. अर्चनाचा फॉर्म टिकला तर दर्शनाला येईन म्हणून बोललेली हाय मी महादेवाला," अक्का म्हणाली. "आन् मालकिणीला नाही म्हणून राहायचं कुठं?"

तेवढ्यात अर्चना आली. घसा बसलेला, पायात स्पोर्ट्‌सचे बूट. वहिनींनी तिच्याच हातात नारळ दिला. निवडणूक वेगळी आणि देव वेगळा, असं म्हणाल्या. गल्ली बघत होती. नको म्हणाली असती तर संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं असतं की लातूरवाली देवाला आडवी गेली. अर्चनानं बसच्या चाकापुढं नारळ फोडला. आपली मतं घेऊन जाणाऱ्या गाडीला तिनं स्वतःच्या हातानं वाट करून दिली. मी टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना माझ्या हाताची आग होते आहे.

चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. एवढ्या मोठमोठ्या कंपन्या, जगभर गाड्या पाठवतात, आणि त्यांच्या दारातला रस्ता मात्र बैलगाडीच्या वेगानं चालतो. बायका मजेत होत्या. कुणी गाणी म्हणत होतं, कुणी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं करत होतं. वर्षभर पॅकिंग करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या या बायकांना खिडकीची जागा एवढ्या एकाच दिवशी मिळते. राजगुरुनगरला चहा झाला. पुढं वाडा गावाच्या बाजूनं धरणाचं पाणी लागलं, मग खाचरं (बांध घातलेली भातशेतं), कापणी होऊन रिकामी पडलेली, आणि मग झाडी सुरू झाली. हवा गार, स्वच्छ. देवळाच्या पायऱ्या उतरताना अक्काचे गुडघे बोलू लागले. ती दर दहा पायऱ्यांनी थांबायची आणि हसायची. पिंडीपुढं तिनं काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

जेवायला मासवडी (बेसनात तीळखोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी, झणझणीत रश्शात) आणि बाजरीची भाकरी. इतकी चवदार की मी दोनदा वाढून घेतली. बोटं चाटत होते तेव्हा ड्रायव्हर येऊन म्हणाला, गाडीत बिघाड झालाय, मंचरहून मेकॅनिक येतोय. वहिनी तोवर आपल्या गाडीनं पुढं निघून गेल्या होत्या. मेकॅनिक आला नाही. आम्ही धर्मशाळेत सतरंज्यांवर आडव्या झालो. वहिनींनी ड्रायव्हरमार्फत सगळ्यांना पिठलंभात मिळेल अशी सोय केली होती, आणि बायकांनी त्यांना दुवा दिला. अर्चनाचा फोन लागत नव्हता. तिथं रेंजच धड येत नाही.

सकाळ झाली, दहा वाजून गेले, तरी गाडी जागची हलेना. ड्रायव्हर टपरीवर भजी खात बसला होता. वयानं चाळिशीचा, खेड-राजगुरुनगरकडचाच. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मेकॅनिक कुठाय?"

"येतोय, ताई."

"कालपासून येतोय. बॉनेट तरी उघडलंस का एकदा? चावी दे, मी लावून बघते गाडी."

त्यानं भजी खाली ठेवली. मान वर केली नाही.

"गाडीला काय बी झाल्यालं न्हाई," तो म्हणाला. "सा वाजल्याबिगर हलवायची न्हाई म्हनून सांगितलंय मला. माजं बी पोट हाय, ताई. गाडी त्यांचीच हाय."

मतदान साडेपाचला संपणार होतं. मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. पण खरा राग त्याच्यावर नव्हताच. राग होता त्या पिठल्यावर. अडवलं असतं, धमकावलं असतं, तर या बायका भांडल्या असत्या. त्यांना देवाच्या दारात नेलं, पोटभर जेवू घातलं आणि त्यांच्याकडून दुवा घेत घेत त्यांचं मत कोंडून ठेवलं. माणसाच्या श्रद्धेला असं कुलूप म्हणून वापरणाऱ्यांना मी आयुष्यात माफ करणार नाही.

बायकांना सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एकदम कालवा झाला. दोघीतिघी म्हणाल्या, मालकीण रागावेल, आम्ही बसनंच येतो. अक्कानं पिशवी काखेला लावली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. तिच्यामागं बाकीच्या निघाल्या.

एसटी दुपारी मिळाली, तीही खचाखच. घाट उतरताना अक्का दांड्याला धरून उभी होती. राजगुरुनगरला उतरून सहा आसनी रिक्षांत (टमटमीत) कोंबून घेतलं आणि चाकण गाठलं. चाकणला मतदान नव्हतं, त्यामुळं कंपन्या चालू होत्या आणि शिफ्ट सुटत होती. कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, मोटारसायकली, सगळं एकमेकांत अडकून पडलेलं. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. आम्ही उतरलो. कंटेनरच्या फटींमधून, धुरातून, पदर नाकाला लावून बायका एकामागून एक चालत चौक पार झाल्या. अक्का मध्येच थांबून गुडघा दाबायची आणि पुन्हा चालायची.

चौकापलीकडं एका टेंपोवाल्यानं गाडी थांबवली. मागं लोखंडी सुट्या भागांच्या जाळ्या होत्या. पोरगेलासा दिसणारा, उत्तर प्रदेशचा.

"कहाँ जाना है, माताजी?"

"भोसरी. वोट डालना है. जल्दी."

"बैठिए. हमारा वोट तो गाँव में पड़ा है, आपका तो डलवा दें."

जाळ्यांच्या मध्ये बसून, एकमेकींना धरून, आम्ही मोशी ओलांडली. अर्चनाचा फोन एकदाचा लागला. कालच्या सकाळनंतर ती पहिल्यांदा आईचा आवाज ऐकत होती. "आई, कुठायस तू? मी सकाळपासून यादीवर तुझ्या नावापुढं बघतेय," ती ओरडली, मग नुसतं म्हणाली, "ये लवकर."

मतदान होतं त्या शाळेकडं वळणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी अडथळे लावले होते. वाहन पुढं जाणार नव्हतं. तिथून शाळा दिसत होती. वेळ थोडा होता.

"तुम्ही पळा," अक्का बायकांना म्हणाली. "माझ्यापायी थांबू नका. पळा म्हणते ना!"

त्या पळाल्या. साड्या वर खोचून, चपला हातात घेऊन पळाल्या. मी अक्काचा दंड धरला. ती जेवढं चालता येईल तेवढं चालत होती, आणि मला तिला उचलून न्यावंसं वाटत होतं. आम्ही कोपऱ्यावरून वळलो तेव्हा फाटक बंद होत होतं. पळालेल्या बायका आतल्या रांगेत उभ्या होत्या. आम्ही पोचलो आणि कडी लागली.

"साहेब, माझी लेक उभी हाय," अक्का पोलिसाला म्हणाली.

"मावशी, वेळ संपली. आत आहेत तेवढेच." तो वाईट बोलला नाही. वाईट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

अर्चना रस्त्याच्या पलीकडं, आखलेल्या रेषेबाहेर उभी होती. ती धावत आली. अक्कानं डाव्या हाताचं बोट तिच्यापुढं धरलं, कोरडं, शाई नसलेलं. मी अक्काला रडताना दाजींच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता.

अर्चना पडली. त्या एका बसमुळं पडली का, ते मला सांगता येणार नाही आणि तो हिशेब मला करायचाही नाही. निकालाच्या दिवशी संध्याकाळी गुलाल अंगावर घेऊनच वहिनी गल्लीत आल्या. घरोघर भीमाशंकरचे पेढे वाटत होत्या. अक्काच्या हातावरही एक ठेवला.

"वाईट वाटून घिऊ नका, ताई. हारजीत व्हतच आसती. देवाचं दर्शन तर झालं ना?"

तिच्या जागी मी असते तर तो पेढा त्यांच्या तोंडावर फेकला असता. अक्कानं तो कपाळाला लावला, कारण देवाचा होता, आणि खाल्ला.

"झालं की," ती म्हणाली. "पुढच्या बारीला तुम्ही जा देवाला. आमी घरीच राहतो."

वहिनी हसल्या, पण पुढच्या दारात गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्काला खोली रिकामी करायचा निरोप आला. अर्चनानं त्याच प्रभागात, दोन गल्ल्या सोडून, दुसरी खोली बघितली. आम्ही तिघींनी मिळून सामान हलवलं. मग मी गाडी पकडली.

आता हे जे लिहिते आहे ते तुम्हा गावाकडच्यांसाठी, आणि गोड मानून घेऊ नका. औशाच्या स्टँडवर मी उतरले तेव्हा औशाजवळच्या आपल्याच गावचे, म्हणजे दाजींच्या गावचे, सरपंच भेटले. चहा पाजला, प्रवास कसा झाला विचारलं, अर्चना पडली म्हणून हळहळले. "तिकडचे लोक बाहेरच्याला वर येऊ देत नाहीत," असंही म्हणाले. मग जवळ सरकून बसले.

"ताई, आपली ग्रामपंचायत आलीय तोंडावर. भोसरीला दोन गाड्या पाठवायल्याव, सगळी मतं उचलून आणायची. येताना तुळजापूरचं दर्शन, जेवण, सगळं आपल्याकडं. तुमच्या अक्काचं नाव हाय ना यादीत?"

दाजी असेपर्यंत असंच चालत आलं. मतदानाला गाडी यायची. दाजी आजारी पडले तेव्हा मात्र गावातून कुणी फिरकलं नाही. तिकडं ती माणसं लातूरवाली आणि इकडं पुण्यावाली. दोन्हीकडून त्यांना गाडीत भरायला लोक टपलेले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"नाही," मी म्हणाले. "अक्काचं नाव आता भोसरीत आहे. तिच्या नव्या खोलीपासून शाळा समोर दिसते. ती चालत जाणार आहे."