कणकण आणि हार्ट अटॅक

"मायोकार्डियल इन्फार्क्शन," डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा बघून लगेच सोपं केलं, "हार्ट अटॅक." ह्यांच्या हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी गुठळीने बंद झाली होती. तासाभरापूर्वी हे लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरात चहा पीत होते.

"गेल्या काही दिवसांत काही आजार? ताप?" डॉक्टरांनी विचारलं. "नो, नो," हे म्हणाले. मीही मान हलवली.

आम्ही खोटं बोललो नाही हो. आमच्याकडे ताप म्हणजे थर्मामीटरवर दिसतो तो. त्याच्या अलीकडची ती कणकण. तिला कुणी आजार म्हणत नाही. आल्याचा काढा घ्यायचा, स्वेटर चढवायचा आणि कामाला जायचं. हे आठवडाभर तसेच खोकत मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने ऑफिसला जात होते. सुट्टी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "कणकणीला कसली सुट्टी?"

डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकायनेजची ड्रिप लावली. गुठळी विरघळवणारं हे औषध नव्वदच्या दशकात मोठा आधार होतं. दुपारपर्यंत छातीतली कळ थांबली, ईसीजी सुधारला. मी लगेच पुण्याला दिरांना फोन करून संकट टळल्याचं सांगूनही टाकलं. घाई हा माझा जुना दोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना ताप चढला, धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टर बुचकळ्यात पडले. अटॅकनंतर थोडा ताप येतो, म्हणाले, पण वाहिनी उघडल्यावर तब्येत इतकी ढासळायला नको. "पुढचे दोन दिवस कठीण आहेत," असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. वेटिंग रूममध्ये कुणीतरी दिलेला चहा तसाच गार झाला.

वॉर्डची आयरिश सिस्टर शेजारी येऊन बसली. "घरी असताना खरंच काही होत नव्हतं?"

"ताप नव्हता. नुसती..." कणकणीला इंग्रजी शब्दच सापडेना. शेवटी मी दोन्ही हातांनी अंग आवळून कुडकुडून दाखवलं. "लाइक धिस. होल वीक."

"ओह, ही वॉज फ्लूई, लव्ह!" ती म्हणाली आणि तडक डॉक्टरांकडे गेली.

इंग्रजीतही कणकणीला 'फ्लूई' असा शब्द आहे, हे मला वीस वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं.

मग छातीचा एक्स-रे झाला, घशाचा स्वॅब घेतला. फ्लू निघाला आणि त्यावर न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसांचा संसर्ग. ह्यांना वेगळ्या खोलीत हलवलं, अँटिबायोटिक सुरू केलं, ऑक्सिजन वाढवला. डॉक्टरांनी मला नीट समजावलं: व्हायरसमुळे रक्तात गुठळी व्हायची शक्यता वाढते. तापात हृदयाला जास्त धावावं लागतं आणि आजारी फुप्फुसं त्याला पुरेसा ऑक्सिजन देत नाहीत. त्यामुळे वाहिनी उघडली तरी जखमी हृदयाला विसावा मिळत नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी ह्यांनी हॉस्पिटलच्या पॉरिजला नावं ठेवली, आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

घरी सोडताना मी डॉक्टरांना एकदाचं विचारलं, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"कदाचित थोडं सोपं गेलं असतं. नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही सांगितलंत, म्हणून आम्हाला दिशा मिळाली."

त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर क्षुल्लक वाटणारं दुखणंही सांगा. शब्द सापडला नाही तर करून दाखवा, लाजू नका.

येताना गाडी मी चालवत होते. गेटबाहेर पडलो. तोच हे म्हणाले, "अगं, किती वेळ सेकंड गिअरमध्ये? गाडी बघ कशी ओरडतेय."

एरवी मी फाडकन उत्तर दिलं असतं. त्या दिवशी डोळे भरून आले, आणि घरापर्यंत मी मुद्दाम सेकंड गिअर बदलला नाही.