गार्चिंगहून परत येणारे किल्ट

तिसरा किल्ट परत आला तेव्हा ग्राहकाचं खातं बंद करण्याचा फॉर्म माझ्या स्क्रीनवर भरून तयार होता. माझी सही तेवढी बाकी होती.

मी फ्रँकफर्टजवळच्या एका ऑनलाइन कपड्यांच्या दुकानात रिटर्न तपासतो. जर्मनीत लोक चार कपडे मागवतात आणि तीन परत पाठवतात. त्यात गैर काही नाही. आम्ही शोधतो ते वेगळं. कपडा मागवायचा, पार्टीत मिरवायचा आणि ‘बसला नाही’ म्हणून परत करायचा, असे काही असतात.

किल्ट हा स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा कपडा. गुडघ्यापर्यंत येणारा, मागे चुण्या असलेला. कमरेभोवती गुंडाळून बकलांनी आवळतात. लोकरीचा महाग असतो. हा आमच्याकडचा सगळ्यांत स्वस्त, पॉलिएस्टरचा, रोज वापरायचा. ग्राहक ओंकार बापट, गार्चिंगमध्ये पीएचडी करणारा. तिन्ही वेळा पॅकेट पार्सल-केंद्रातून शनिवारी उचललेलं, सोमवारी परत टाकलेलं. म्हणजे घालायला रविवार मोकळा. किल्टना हॉस्पिटलसारखा वास होता. त्यातल्या दोन किल्टच्या खालच्या काठाला आतून धागे ओढलेले होते.

“घातलेले आहेत,” माझ्या बॉस फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

“गेनाऊ, अगदी बरोबर.”

“मग सही का नाही? ओळखीचा आहे का तुझ्या?”

“नाही.”

“नाव तर तुमच्याकडचं दिसतंय.”

“आमच्याकडे नावं पुष्कळ आहेत.”

त्या हसल्या नाहीत. खातं बंद करण्याआधी ग्राहकाला एकदा फोन करायचा, हा आमचा नियम. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मी स्पीकर लावला आणि जर्मनमध्ये माझं नाव, दुकानाचं नाव सांगितलं.

“कशावरून?” पलीकडून थेट मराठीत प्रश्न आला. “मागच्या महिन्यात असाच एक जण गोड मराठी बोलून ओटीपी मागत होता.”

फ्राऊ लिंडनरनी माझ्याकडे पाहिलं. मी खूण करून थांबा म्हटलं आणि मराठीतच उत्तर दिलं.

“ओटीपी नको. किल्ट घालून कुठे गेला होता, एवढंच सांगा.”

“कुठे जाणार? खोलीतून बाथरूमपर्यंत.”

“तीन किल्ट घालून?”

“अहो, पाय मोडलाय माझा. सायकलवरून पडलो. नडगीभोवती लोखंडी कड्या आहेत, हाडात पिना गेल्यात. पँट चढत नाही.”

“मग लुंगी?”

“आईपण हेच म्हणते. लुंगी सुटते हो. दोन्ही हातांत कुबड्या. सावरायला तिसरा हात कुठून आणू? किल्टला बकल असतं.”

“शनिवारीच का उचलता?”

“मित्र शनिवार-रविवार येतो. तोच पॅकेट आणतो, सोमवारी जाताना तोच परत टाकतो.”

उत्तरं फार चटकन येत होती. मी पायाचा फोटो मागितला. दोन मिनिटांत आला. चार कड्या, भोवती औषध लावलेल्या पट्ट्या. वासाचा उलगडा झाला, धाग्यांचाही.

“मोठा घेतला की खाली घसरून पिनांत अडकतो,” तो म्हणाला. “लहान घेतला की बकल लागत नाही. या सोमवारी लॅबमध्ये हजर व्हायचंय, सिक रजा संपली. दुसरीकडचे किल्ट मला परवडत नाहीत. आता चड्डीवर जाऊ का?”

“माप कुठे घेतलंत?”

“तुमच्या पानावर लिहिलंय तिथेच. पट्टा बांधतो तिथे.”

तिथेच चूक होती. किल्ट पट्ट्याच्या जागी घालत नाहीत, बेंबीपाशी घालतात. तिथे घेर जास्त भरतो, पण काठ चार बोटं वर जातो. मी त्याला टेप बेंबीवर धरायला लावला. चौतीसऐवजी छत्तीस इंच भरले.

फ्राऊ लिंडनरना सगळं जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी पुन्हा फोटो पाहिला.

“आल्झो, म्हणजे आपल्या पानावर पट्ट्याची जागा कोणी लिहिली?”

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्टला वेगळा खाना नव्हता, म्हणून तो ‘पुरुषांच्या पँट’मध्ये टाकला होता. मापाची सूचना त्या खान्याबरोबर आपोआप आली. खाना निवडणाऱ्याचं नाव सिस्टिम ठेवते. ते माझं होतं. या किल्टची बाकीची रिटर्न आम्ही काढली. बहुतेकांचं कारण एकच होतं : कमरेला बसत नाही.

छत्तीसचा किल्ट त्याच दिवशी पाठवला. सोमवारी दुपारी ओंकारची मेल आली, दोन ओळींची. काठ पिनांच्या वर राहतो. लॅबमध्ये सकाळपासून कोणीही काही विचारलेलं नाही.

खातं चालू राहिलं. फ्राऊ लिंडनरनी तो फॉर्म रद्द करून, आजवर मी खान्यांत टाकलेल्या सगळ्या कपड्यांची यादी मागवली. ती तपासायचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. ग्राहकावर संशय घेण्यासाठी मला पगार मिळतो. आता एकच कपडा दोनदा परत आला की मी आधी आमचं पान उघडतो, ग्राहकाची फाइल नंतर.