चादरींमागच्या बाई

आमच्या गल्लीत स्वमग्न मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी अख्ख्या बाजाराला कामाला लावलंय. त्यांची एक विद्यार्थिनी "पाणी पाहिजे" म्हणायची, पण फक्त वर्गात आणि फक्त बाईंना. बाहेर तहान लागली की नुसती रडायची. म्हणून बाई तिला कधी न्हाव्याकडे नेतात, कधी कडक भाकरीवालीकडे. परवा तिला घेऊन माझ्या चादरींच्या दुकानात आल्या.

"दादा, मागितल्याबिगर द्यायचं न्हाय," असं मला बजावून त्या चादरींच्या थप्पीमागं दडल्या.

मी तांब्या धरून पुतळ्यासारखा उभा. पोरगी तांब्याकडं बघत नुसती ओठ हलवत होती. थप्पीनं श्वास रोखला. शेवटी ती म्हणाली, "पाणी पाहिजे."

मला असा आनंद झाला, की तांब्या खाली ठेवून मी टाळ्याच पिटल्या!

"अवो दादा, आदी पाणी द्या की!" थप्पी ओरडली.

तेवढ्यात पोरीनं माझे दोन्ही हात धरले. "टाळ्या नको. पाणी पाहिजे."

चादरी कोसळल्या आणि त्यातून बाईंचं डोकं वर आलं. "हे मी शिकवलंच न्हाय! हे तिचं तिनं जुळवलं!" म्हणत त्या स्वतःच टाळ्या पिटायला लागल्या.

मी मात्र एव्हाना शहाणा झालो होतो. मुकाट्यानं पेला भरला आणि तिच्या हातात दिला.