ओढ्यात सोडलेली बेशरम

गावाकडच्या ओढ्यावर काढलेला तुमचा फोटो मिळाला. मागे फिकट जांभळ्या फुलांची दाट रांग आणि खाली थोरलीच्या अक्षरात लिहिलेलं, ‘आजीचं सुंदर गाव’. गाव सुंदर होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती फुलं बघून माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं झाली, तरी फिरतं. त्या झाडाला आमच्याकडे बेशरम म्हणतात. ते तिथे आपोआप आलेलं नाही. कसं आलं ते क्रमाने सांगते, कारण घरात दुसरं कुणी सांगणार नाही.

लग्न होऊन मी सोनपेठजवळच्या त्या गावी आले, तेव्हा निजामाची राजवट जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली. झाडापानांचं शास्त्र हा माझा आवडीचा विषय. सासरी त्याला विचारतो कोण? घरची रीत अशी की सुनेने सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. मी माजघराच्या दाराआड उभं राहून सासूबाईंना सांगायचं, सासूबाईंनी ते ओसरीवर सासऱ्यांना सांगायचं, आणि मी दाराआडच आहे हे पक्कं ठाऊक असूनही सासऱ्यांनी उत्तर सासूबाईंनाच द्यायचं.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ओढा वळतो. त्या वळणावर गाळाचा एक पट्टा होता. तिथे औत फिरत नसे, म्हणून पुरुष त्याला शेतात धरतच नसत. तो आमचा, सासूबाईंचा आणि माझा. वांगी, मेथी, अंबाडी, चुका, वाळकं. काय लावायचं हे कुणालाही न विचारता ठरवता येईल अशी सगळ्या घरादारात आम्हाला तेवढी एकच जागा होती. एवढं लक्षात ठेवा.

एका उन्हाळ्यात सासरे पूर्णेकडच्या पाहुण्यांकडून हिरव्या छड्यांची मोळी घेऊन आले. शेताच्या वरच्या बाजूला कुंपण करायचं होतं. बाभळीच्या काट्या दरसाल तोडून आणाव्या लागत आणि त्यांना वाळवी लागे. ही छडी म्हणे नुसती खोचली की जगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. ओसरीवर सगळे खूश.

मला मात्र शंका आली. मोळीतल्या उरलेल्या छड्यांपैकी एक मी परसात उलटी खोचली. एक रांजणाखालच्या ओलीत नुसती टाकली. एक न्हाणीच्या पत्र्यावर उन्हात फेकून दिली. उलटी खोचलेली फुटली. रांजणाखालचीही फुटली. पत्र्यावरची वाळून सुरकुतली होती. ती बादलीत टाकली, तर तिलाही कोंब फुटले. अशा झाडाबद्दल आणखी काय तपासायचं राहतं?

दाराआडून मी म्हटलं, “मामंजींना सांगा, हे तुकड्यातुकड्यानं वाढतं. आणि गुरं खात नाहीत, तर मग याला आवरणार कोण?”

सासूबाईंनी ओसरीवर पोचवलं, “ती म्हनायली, गुरं खात न्हाईत तर याला आवरील कोन?”

“तिला सांग, गुरं खात न्हाईत म्हनूनच आनलंय. खाल्लं तर ते कुंपन कशाचं?” मग शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, “लय शिकल्यावर असं होतंय बघा. झाडाची कुंडली मांडायली.”

ओसरी हसली. मी पुन्हा विचारायला लावलं, जिथून आणलं तिथे आता काय आहे? उत्तर आलं, “तिथं कुंपन हाय.”

पुढच्या लग्नसराईत त्याच पाहुण्यांकडे आम्ही गेलो. कुंपण होतं, खरं आहे. घराच्या मागे तळंही होतं, पण पाण्यापर्यंत जायला एक बोळकांडी तेवढी उरली होती. बाकी सगळा काठ बेशरमीने गिळलेला. भांडी घासणारी बाई मला म्हणाली, “हितं घाट व्हता, बाई. आता बेशरमीला इचारून पानी भरावं लागतंय.” घरी येऊन मी तिचे शब्द जसेच्या तसे पोचवले. उत्तर काय मिळालं? “लग्नाला गेली व्हती का पंचनाम्याला?”

ठीक आहे. कुंपण लागलं होतं, माजलं होतं, येणारेजाणारे त्याचं कौतुक करत होते. मी फक्त एवढंच सांगितलं की छाटाल तेव्हा फांद्या खडकावर पसरा, पूर्ण वाळू द्या, मग जाळा. एकही तुकडा पाण्यात जाऊ देऊ नका. त्यावर सासरे म्हणाले, “हिरवं जाळायचं नसतंय. वाहत्या पान्यात सोडावं. पानी सगळं घेऊन जातंय.” देवाचं निर्माल्य ओढ्यात सोडायचं, तशाच त्यांनी त्या फांद्या ओढ्यात सोडल्या. दरसाल, पाऊस सरता सरता, भाऱ्यामागून भारे. हिरवं जाळल्याचं पाप लागू नये म्हणून!

पाण्याने सगळं नेलं. जिथे ओढा वळतो आणि पाणी मंद होतं, तिथपर्यंत नेलं. तिथे आमचा पट्टा होता.

मी आणि सासूबाई खुरपी घेऊन लढलो. एक बूड उपटावं, तर मोडून राहिलेल्या तुकड्यातून दुसरं उभं. कंबर मोडायची आमची, आणि ओसरीवरून ऐकायला यायचं, “काय जोम हाय झाडाला!” त्यांना दिसत नव्हतं असं मी कधीच मानलं नाही. सगळं दिसत होतं. जे जात होतं ते त्यांचं नव्हतं, एवढंच.

शेवटी एका साली पट्ट्यावरून एक वांगंही घरात आलं नाही. सासूबाईंनी सासऱ्यांच्या ताटात भाकरी वाढली, मीठ वाढलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

“कालवन?”

“वांगी बेशरमीच्या खाली हाईत. जावा, काढून आना.”

सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, “तिला इचार, आता काय करावं.”

“मी न्हाई इचारत. तुमच्या तोंडाला काय झालंय?”

अशा सासूबाई मी पहिल्यांदा ऐकल्या. सासऱ्यांनी मान वळवली आणि माजघराच्या दाराला विचारलं, “सूनबाई, काय करावं?”

पदर सावरून मी उंबऱ्यावर आले. म्हटलं, “बुडासकट खणा, वाळवा, जाळा. पण आधी वरचं कुंपण काढा. ते राहिलं तर खालचं खणून काही उपयोग नाही.”

त्यांनी माणसं लावली. पट्टा खणला, ढीग वाळवला, जाळलाही. हिरवं नव्हतं, त्यामुळे पाप लागलं नसावं. कुंपणाचं मी पुन्हा विचारलं, या वेळी तोंडावर. ते म्हणाले, “त्याला कशाला हात लावायचा? चांगलं हाय ते.”

पुढच्या पावसाळ्यात कुंपण छाटलं. भारे ओढ्यात गेले. आम्ही दोघींनी परसातल्या मोरीच्या पाण्यावर चार वांगी लावली आणि पट्ट्याचं नाव घेणं सोडलं.

फोटोत तुम्ही उभे आहात तिथे अंबाडी होती. धाकट्याच्या मागे वांग्याचे वाफे. थोरलीच्या हातात फुलांची एक फांदी दिसते. थोरले, ती तू नंतर कुठे टाकलीस, ते मला कळव.