जुंपून पाहिलेली गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत बसून कुठेच न जाणं.

नंदुरबारच्या बाहेर, रस्त्याला लागूनच, एक जण जुन्या गाड्या विकतो. पत्र्याचं कुंपण, आत ओळीनं गाड्या, आणि सगळ्यांत पुढे ती. पांढरी, लांब, मागे डिकी, साहेब लोकांची असते तसली. मी पुढे बसलो, बायको मागे. तिचे गुडघे गेलेले. जीपमध्ये बसायचं तर मी खालून ढकलायचो आणि वरून कुणीतरी ओढायचं, पोतं चढवतात तसं. चारचौघांत तिला त्याची लाज वाटायची. या गाडीत ती आपली आपण बसली. सीटवर पाय लांब केले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हाई बरं शे. खाटवर बठेल सारखं."

मी गाडी आधीच पाहून घेतली होती, बैल पाहतात तशी. टायर दाबले. दारं आपटली. खाली वाकून पोट पाहिलं, कुठे तेल गळतं का. इंजिन चालू करायला लावून धुराचा रंग पाहिला. विकणारा तिशीतला, गॉगल कपाळावर. त्याचं तोंड बंद होत नव्हतं. "डॉक्टरची गाडी आहे काका. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. हिला धूळ माहीत नाही."

मागून ती म्हणाली, "भाऊ, पंखा लाव ना जरासा."

चैत्राचं ऊन होतं. तो म्हणाला, "फ्यूज उडालाय काकू. उद्या टाकून ठेवतो."

घरी येताना मी म्हणालो, चांगली आहे, घेऊन टाकू. ती म्हणाली, "बैल काय नुसता उभा पाहीसन लेतस का? जुपीसन पाहतस. उद्या प्रकाशा लगून जाई येऊत. मी मांगे बठसू. मंग सांगसू, लेवानी का नई."

प्रकाशा म्हणजे आमच्याकडचं तापीकाठचं तीर्थ. निकाल तिनं स्वतःकडे ठेवला. बैलाचंही असंच असायचं. बाजारात बोलणी मी करायचो, हो की नाही ती सांगायची. विकणाऱ्याला मी फोनवर सांगून ठेवलं, उद्या प्रकाशापर्यंत नेऊन पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या दारात बसली ती उठली नाही. शेजाऱ्याची जीप आणली. पाय वाकेनात, चौघांनी आडवी करून आत घातली. डॉक्टरनं मनगट धरलं आणि सोडलं. झालं.

मग लोक आले. जो येईल तो म्हणे, "सुटली बिचारी." कशातून सुटली? माझ्यातून? तिला प्रकाशाला जायचं होतं, लांब पाय करून. तिनं सुटायचं म्हटलं होतं का कधी? एकाला मी तोंडावर विचारलं, तर तो चहा तसाच ठेवून उठला. बरं झालं.

राख सावडली. अस्थींचं मडकं गावाबाहेर लिंबाला टांगलं. आमच्याकडे अस्थी प्रकाशालाच नेतात, तापीत. भाऊबंद म्हणाले, जीप सांगून ठेवतो. मी म्हणालो, जीप नको. पुन्हा पोत्यासारखी नाही न्यायची तिला.

लेक सुरतेला कामाला आहे, तो आलेला होता. त्याला म्हणालो, "ती पांढरी गाडी आणू."

"आप्पा, सुतकात नवी वस्तू घरात आणतात का?"

"नवी कुठे शे? जुनीच शे."

"आई गेली. आता गाडी कुणासाठी?"

मला त्याचा असा राग आला की मी पायात चप्पल घातली आणि रिक्षा धरून एकटाच गेलो.

विकणाऱ्यानं मला पाहून गॉगल काढला. "काका, दोन दिवस वाट पाहिली तुमची! चला, जाऊन या प्रकाशाला. काकू येणार ना?"

"येणार," मी म्हणालो. "मागे बसणार."

खोटं काय होतं त्यात?

"फ्यूज टाकलाय. पण काचा उघड्या ठेवा काका, हवा मस्त लागते." त्याचा माणूस गाडी घरापर्यंत आणून देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सीट लांब आणि गुळगुळीत. मडकं घरंगळू नये म्हणून तिचं रोजचं लुगडं घडी करून खाली घातलं. लेक चालवायला, मी पुढे. गावातल्या गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं. गल्लीच्या वळणावर मागे-पुढे करावं लागलं, पोरं हसली. पण मोठ्या रस्त्याला लागली तशी गाडी काय चालली! आवाज नाही, धक्का नाही. मी मागे पाहत होतो. मडकं हललंही नाही. मी मनात म्हटलं, बघ, म्हटलं होतं ना घेऊन टाकू. तूच अडवून धरलंस.

ऊन चढलं. लेकानं काचा वर केल्या आणि पंखा लावला.

आधी वास आला. मग नाकात, मग घशात, मग डोळ्यांत. लेकाला शिंकांवर शिंका. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि आम्ही दोघं दारं उघडून बाहेर पडलो. मिरची. पंख्याच्या भोकांतून तांबडी धूळ निघत होती. डॉक्टरची गाडी! डिकीतून, सीटवरून मिरचीची पोती वाहिलेली गाडी. वरून पुसली, आत अत्तर मारलं, पण पंख्याच्या नळ्या कोण पुसतो?

नंदुरबारात जन्म गेला माझा. मिरची पेरली, मिरची विकली. टायर दाबले, पोट पाहिलं, आणि पंखा नाही पाहिला. तिनं पाहायला मागितला. कारण तिची छाती. पोर होती तेव्हापासून ती मिरचीच्या पथारीवर कामाला. मैदानभर ओली मिरची पसरवायची, वाळली की गोळा करायची. दमा तिथूनच लागला. ही हवा बंद गाडीत तिनं घेतली असती तर? मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्या गॉगलवाल्याला अशा शिव्या घातल्या की लेक म्हणाला, "आप्पा, आई मागे शे."

मग मागचं दार उघडून मडकं जागेवर आहे ना ते पाहिलं.

उरलेली वाट काचा उघड्या टाकून गेलो. घाटावर सगळे विधी लेकानंच केले. मडकं पाण्यात सोडताना माझ्या आत काही मऊ झालं नाही. रागच होता. मनगट सोडणाऱ्या डॉक्टरवर, गाडीवर, सुटली म्हणणाऱ्यांवर. तिच्यावरही. सांगते म्हणाली आणि न सांगता गेली.

परतताना लेक म्हणाला, "पंख्याची जाळी बदलली, नळ्या धुतल्या की झालं. गाडी चांगली शे आप्पा. घेवा."

"कालपर्यंत कुणासाठी म्हणत होतास?"

"तुमच्यासाठी. तुम्ही बठशात."

मी म्हणालो, "जुंपून पाहिली. ती नई म्हनी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. गाडी घरासमोर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक झोपलेला असताना मी किल्ली घेतली. मला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टर येतो त्याला गाडी येते असं मी धरून चाललो. नंदुरबारपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मागून येणारे हॉर्न वाजवून थकले.

विकणारा नुकताच कुलूप काढत होता. "बोला काका! काकूंना आवडली?"

लुगडं मी उचलून पुढे घेतलं. "मागे बस."

"मी?"

"बस. पाय लांब कर."

हसत बसला. मी पुढे बसलो, तोंडाला रुमाल बांधला, काचा वर घेतल्या आणि पंखा पुरा सोडला. त्याला आधी दाराची कडीच सापडेना. मग सापडली आणि तो बाहेर जाऊन गुडघ्यांवर बसला.

खोकत खोकत म्हणाला, "काका, नंदुरबारात बिनमिरचीची गाडी दाखवा एक तरी!"

"मग डॉक्टर कशाला सांगितला?"

"डॉक्टरचीच होती. त्याच्या भावाचा मिरचीचा धंदा आहे." डोळे पुसत उठला. "साफ करून देतो ना. काकूंशी बोलू द्या मला, मी समजावतो त्यांना. कुठे आहेत?"

"काल प्रकाशाला सोडली. तापीत. या सीटवरूनच नेली."

 त्यानं सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे देवा! आधी सांगायचं ना काका! अस्थी नेलेली गाडी आता कोण घेईल?"

"मिरची तू नाही सांगितलीस. मडकं मी नाही सांगितलं."

किल्ली बॉनेटवर ठेवली आणि निघालो. फाटकाशी येऊन लुगडं नीट घडी करावं म्हणून झटकलं, तर त्यातूनही तांबडी धूळ उडाली. ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून, नाकातून पाणी. त्यानं आतून पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. रस्ता ओलांडला आणि रिक्षाला हात केला.