ठोकळेबाई

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या रांगेला वळसा घालून गेलं की शेवटची खोली बाईंची. दारावरची पाटी सहसा कुणी वाचत नसे. आया आपल्या पोरांना नुसत्या खुणेने सांगायच्या, आणि एकमेकींत म्हणायच्या, "ठोकळेबाईंकडे नंबर आहे." खोलीत टेबलावर लाकडी ठोकळ्यांची परडी असायची आणि शेजारी एक पत्र्याचा डबा.

कानाच्या आत तार बसवायची शस्त्रक्रिया सर्जन करतात. ते काम दोन-तीन तासांत आटोपतं. बाईंचं काम त्यानंतर सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. कानामागचं यंत्र आवाज पकडतं, डोक्याला लोहचुंबकाने चिकटलेल्या चकतीतून तो आत पोचतो आणि तारेवरचे बारीक बिंदू नसेला विजेचे हलके टोचे देतात. कुठल्या बिंदूला किती जोर द्यायचा, हे दर मुलाचं वेगळं. कमी पडला तर मुलापर्यंत काही पोचत नाही, जास्त झाला तर ते किंचाळत उठतं. मोठ्या माणसाला विचारता येतं. जन्मापासून एक शब्द न ऐकलेल्या चार वर्षांच्या पोराला काय विचारणार? म्हणून ठोकळे. बाई कॉम्प्युटरवर बटण दाबणार, टिंग फक्त मुलाच्या डोक्यात वाजणार, आणि वाजलं की मुलाने डब्यात ठोकळा टाकायचा. खोलीत दुसऱ्या कुणालाही काही ऐकू येत नाही.

एकोणीस वर्षं बाई हे करत होत्या. एक पोरगा पाऊण तास टेबलाखाली बसून राहिला तेव्हा त्याही पाऊण तास टेबलाखाली बसल्या होत्या. सर्जन डोकावून म्हणाले होते, "बाई, तुमच्या गुडघ्यांसाठी वेगळा डॉक्टर बघावा लागणार." खालूनच उत्तर आलं, "बघा, पण याचं झाल्यावर."

त्यांचा एक नियम होता. दर आठ-दहा बटणांनंतर एक कोरं बटण. हात तसाच हलवायचा, पण आवाज शून्य. मुलाने तरीही ठोकळा टाकला, तर आधीचं सगळं माप संशयात. शिकायला येणाऱ्यांना त्या सांगत, "कोरं बटण चुकवलंत, तर तुम्ही मुलाचा कान नाही, स्वतःची हौस मोजताय."

आणि हाच नियम त्यांनी एका मुलीच्या बाबतीत सोडला.

मुलगी चार वर्षांची. विभागात तिचं नाव पडलं होतं 'पैकीच्या पैकी'. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत खेळ तिच्या ध्यानात आला. अगदी बारीकशा आवाजालाही ठोकळा टण्‌कन डब्यात. आई समोरच्या स्टुलावर बसली नाही तर ती हटून बसायची, एवढीच काय ती तक्रार. बाहेर रांग खोळंबलेली, पोर कधी चुकत नाही; कोरं बटण पुढच्या वेळी बघू, असं करत राहूनच गेलं. त्याच वर्षी बाईंनी निम्म्या वेळात माप घेण्याची नवी पद्धत बसवली होती. बारा मुलांवर तिचं संशोधन चालू होतं. त्यात ही मुलगी सगळ्यांत वर.

आठ महिने झाले. मुलगी हाकेला वळत नव्हती. एक शब्द बोलत नव्हती. फाइलमध्ये ओळ लिहिली गेली: 'ऐकणे उत्तम. भाषा नाही. बौद्धिक वाढीबद्दल शंका.' येत्या शुक्रवारच्या बैठकीत त्यावर शिक्का बसणार होता. बोलण्याचे धडे बंद, आणि मुलगी मंद मुलांच्या वर्गात.

आईने बाईंना व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, ती मंद नाहीये हो. मी चिडलेली असले ना, तर दारातच ओळखते."

वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मॅडमचे कागद खोटं बोलतात का? झालं ते बास."

बाई फाइल घेऊन खोलीत परतल्या.

बुधवारी संध्याकाळी घरी त्या सासूबाईंच्या कानातल्या मशीनची बॅटरी बदलायला बसल्या. सासूबाईंना कमी ऐकू यायचं; मशीन तीन आठवड्यांपूर्वी सुनेनेच निवडून आणलेलं. बाई बघतात तर आतल्या बॅटरीवरचा चिकट कागद काढलेलाच नाही. म्हणजे मशीन चालूच झालेलं नाही.

"आई, तीन आठवडे हे बंद आहे! आणि मी विचारेन त्याला तुम्ही बरोबर उत्तरं देताय?"

सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? चहाचं विचारायचं असलं की तू हात पुसत येतेस. औषधाचं असलं की भुवया वर. तुझ्या तोंडावर सगळं छापलेलं असतं. कान कशाला लागतात?"

नवरा वर्तमानपत्रामागून खो-खो हसला. "घ्या! गावाचे कान उघडणाऱ्या बाईंना घरात फसवलं."

बाई हसल्या नाहीत. बॅटरी हातात धरूनच त्यांनी मुलीच्या आईला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. पायताणं दाराबाहेर, आई नेहमीच्या स्टुलावर. बाईंनी आवाज शून्यावर नेला आणि बटण दाबलं.

टण्.

पुन्हा दाबलं. टण्. पाच कोरी बटणं, पाच ठोकळे. सहाव्या वेळी त्यांनी मुलीकडे न बघता, मुलगी कुठे बघते ते बघितलं. ती आईच्या पायांकडे बघत होती. आईचा चेहरा दगडासारखा, पण पायाचा अंगठा जमिनीवर दाबला जात होता.

"आई, मी बटण कधी दाबते ते तुम्हाला कसं कळतं?"

"तुम्ही ओठ मिटता ना मॅडम, दाबायच्या आधी," आई सहज म्हणाली. "मग माझा जीव वरखाली होतो. म्हणते, टाक गं बाई, टाक." आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

मुलीने खेळाचा नियम लावला होता तो असा: अंगठा दबला की ठोकळा. बारीक आवाजालाही ठोकळा पडतो म्हणून बाईंनी सगळा जोर बारीक ठेवला होता. आठ महिने तिच्यापर्यंत जवळपास काहीच पोचलं नव्हतं. आणि त्या आठ महिन्यांत तिने आईला पाठ करून टाकलं होतं, आणि आईमार्फत बाईंनाही.

शेजारच्या खोलीत बोलणं शिकवणाऱ्या बाई होत्या. ठोकळेबाईंनी सांगितलेलं ऐकून त्यांनी हातातली चित्रं टेबलावर टाकली. "म्हणजे मी आठ महिने भिंतीला शिकवत होते?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, आज नीट जोर लाव आणि 'सुधारणा' असं लिहून टाक. कुणाला कळतंय?"

"फाइलमधली मंदबुद्धीची ओळ मग तशीच राहील," ठोकळेबाई म्हणाल्या. "ती तिची नाही. माझी आहे."

त्यांनी आईला मुलीच्या पाठीमागे बसवलं आणि खोक्याचा पुठ्ठा उभा करून स्वतः त्यामागे गेल्या. मुलगी भांबावली. मान वळवून वळवून चेहरे शोधू लागली. ठोकळा हातातच. बाई एकेक पायरी जोर वाढवत गेल्या. बराच वेळ काहीच नाही. मग मुलगी दचकली, ठोकळा खाली पडला, चकती उपटून तिने असं भोकाड पसरलं की एक्स-रेच्या रांगेतली माणसं डोकावली. आई धावली. मुलगी शांत होईपर्यंत अर्धा तास गेला. त्यानंतर दोन पायऱ्या खाली येऊन, कुणाचाही चेहरा समोर नसताना, तिने स्वतःहून एक ठोकळा डब्यात टाकला. पुढच्या कोऱ्या बटणाला ती गप्प बसली. त्याच्या पुढच्यालाही.

शुक्रवारी बैठकीत सर्जन, दोन डॉक्टर आणि आईवडील होते. मुलगी आईच्या गुडघ्याशी उभी होती. बाई उभ्या राहिल्या. "ही ओळ माझ्या मापावरून लिहिली गेली. माप चुकीचं होतं. कोरं बटण मी घेतलं नव्हतं."

सर्जन फाइल चाळू लागले. मग म्हणाले, "आणि तुमचं संशोधन?"

"थांबवलंय. बाराही मुलांना पुन्हा बोलावणार."

"एका मुलीपायी?"

"तिच्यापायी एकीचं तरी कळलं, डॉक्टर. बाकीच्या अकरांचं काय, ते मला आज सांगता येत नाही."

वडील मध्येच म्हणाले, "काल रडली म्हणजे ऐकू आलं, असं कसं धरायचं?" आणि कुणी काही बोलायच्या आत ते मुलीच्या मागे गेले आणि लोखंडी खुर्ची फरशीवरून खर्रकन ओढली.

मुलीने गर्रकन वळून बघितलं. कपाळाला आठ्या.

ती पुन्हा पुढे वळल्यावर त्यांनी परत ओढली. मुलीचा हात चकतीवर गेला आणि ओठ थरथरायला लागला.

आई कळवळली. "पुरे हो आता. त्रास होतोय तिला!"

"होऊ दे गं," वडील खुर्ची तशीच धरून म्हणाले. "होऊ दे."

सर्जनांनी फाइल बाईंच्या पुढे सरकवली. बाईंनी ती ओळ खोडली, शेजारी लिहिलं, 'चूक माप घेणाऱ्याची', आणि सही केली.

खोलीत परतल्यावर त्यांनी अकरा फाइली काढल्या आणि पहिला नंबर फिरवला. ते घर लांबचं, दोन गाड्या बदलून यावं लागायचं. पलीकडचा बाप वैतागला. आमचा छान चाललाय, मागच्या महिन्यातच तर येऊन गेलो, आता परत कशाला?

"सोमवारी या," ठोकळेबाई म्हणाल्या. "मी चुकले असेन, म्हणून."